दक्षिणेचं पाणी

२९ मे

धाकट्या,

त्या सकाळी मी नेमकं काय केलं, असं तू विचारलं आहेस. इतक्या वर्षांनी, टाइप केलेल्या पत्रात, आणि खाली सहीसुद्धा छापील. बरं, सांगतो.

त्या सकाळी मी उठलो, अंघोळ केली, देवापुढे उभा राहून नेहमीसारखं सगळ्यांचं भलं मागितलं आणि धक्क्यावर आलो. आभाळ खाली उतरलं होतं, पाऊस नव्हता. पण वर डोंगरात तो पडला असणार, कारण खाडीचं पाणी गढूळ झालं होतं. लाँचमध्ये डिझेल भरलं. भाऊजी दोन खलाशांना घेऊन आपल्या होडीतून आधीच खाडीच्या तोंडाकडे गेले होते. पावसाळ्यापूर्वी जहाजांना वाट दाखवणारे तरंगते बोये काढून आणायचं काम त्यांच्याकडे असायचं. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण तुझी आठवण सोयीने चालते.

मी बाहेर उभ्या असलेल्या जहाजावरून, ते बंदराबाहेर काढून दिलेल्या पायलटला परत आणायला निघालो होतो. तोंडाशी वाळूचा दांडा आहे तिथे लाटा फुटत होत्या आणि त्या फेसात मला होडीची पाठ दिसली. पालथी. तिला धरून दोघे खलाशी लोंबकळत होते, एकाचं डोकं फुटलेलं. दोघांना वर ओढलं. भाऊजी नव्हते. हाका मारल्या, घिरट्या घातल्या. खलाशाचं रक्त थांबेना तेव्हा लाँच वळवली आणि वळवता वळवता वायरलेस उचलून तुला सांगितलं: होडी उलटली, भाऊजी पाण्यात आहेत, दांड्याच्या बाहेर शोधायला होड्या पाठव, पाणी दक्षिणेचं आहे.

मी केलं ते एवढंच. पुढचं तू केलंस. बंदरातल्या सगळ्या मोकळ्या होड्या तू उत्तरेला पाठवल्यास.

वारा दक्षिणेचा म्हणजे दक्षिणेकडून आलेला. पाणी दक्षिणेचं म्हणजे दक्षिणेकडे चाललेलं. बंदरातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. वाऱ्याला माहेरच्या नावाने हाक मारतात आणि पाण्याला सासरच्या. तू वायरलेसच्या खोलीत खुर्ची झिजवत बसलास आणि तुला एवढंही कळलं नाही. दक्षिणेला पहिली होडी गेली ती दुसऱ्या दिवशी, आणि ती परतते तोवर समुद्र असा उठला की बंदरच बंद झालं.

आता तू लिहितोस, "दादा, झालं गेलं. ताईला आता तू सांगून टाक." वा रे शहाण्या. धक्क्यावर उभं राहून काय ठरलं होतं? ज्याची चूक, त्याने तिला सांगायचं. तूच म्हणाला होतास, तावातावाने, बोट नाचवून. मी वाट बघतोय. ये आणि सांग.

फोन करू नकोस. तोंडी बोलण्यातून आपलं एकदा काय झालं ते दोघांनाही माहीत आहे. कागदावरचा शब्द निदान पुन्हा वाचता येतो.

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. मनावर घेऊ नकोस.

दादा


१४ जून

धाकट्या,

तुझं पत्र आलं. गुरुजींना मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. गुरुजी वारले, त्यांना सुखाने राहू दे.

पण आणलंच आहेस तर ऐक. हो, आपण दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. हो, त्यांनी भिंतीवर नकाशा लावून पट्टीने बाण दाखवले होते आणि "नैऋत्येचे वारे, म्हणजे कुठून?" असं विचारून सगळ्या वर्गाला "नैऋत्येकडून!" म्हणून ओरडायला लावलं होतं. पण तो धडा वाऱ्याचा होता. पाण्याचा धडा त्या पुस्तकात नव्हताच. जे शिकवलं नाही तेही तू गुरुजींच्या नावावर खपवतोस. आपण बंदरात लागलो तेव्हा मी जुन्या सारंगाच्या शिव्या खाऊन लाँच चालवायला शिकलो आणि पाण्याची भाषा शिकलो. तू सावलीत बसून चौथीचं पुस्तक घोकत राहिलास.

आता इथली हालहवाल. भाऊजींची होडी बांधली होती तो सुतार आठवतो? ज्याला सगळे रंधा म्हणतात? कुणाशी भांडण नाही, सगळ्यांच्या मधले कंगोरे काढत फिरतो, म्हणून रंधा. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. परवा तो लाँचवर आला, माझ्या इंजिनाच्या झाकणावर बसला आणि झाकण कुठल्या लाकडाचं आहे यावर भरपूर बोलला. मी म्हटलं, "झाकणाचं लग्न ठरवायला आलायस काय?" तर कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "झाकणाचं नाही, दादा."

ताईला त्याने आधीच विचारलं होतं. ती काय म्हणाली ते त्याने मला जसंच्या तसं सांगितलं, आणि मी तुला सांगतो. ती म्हणाली, "माझा नवरा मेलाय असं मला कुणी सांगितलंय का?"

मी तिच्या दुकानात गेलो. ती ताडपत्री शिवत होती. सगळं दुकान त्या मेणकापडाच्या वासाने भरलेलं, जमिनीवर निळं कापड पसरलेलं, आणि ती त्याच्या मधोमध बसलेली. मी म्हटलं, "अगं, सरकारी दाखला येऊन किती काळ झाला. तुझ्या कपाटात आहे."

"ते सरकारने सांगितलं. सरकार माझं कोण लागतं?"

"मग तुला काय हवंय?"

"माझे दोन भाऊ त्या दिवशी बंदरात होते. एक पाण्यावर होता आणि एक वायरलेसवर. त्या दिवसापासून दोघांपैकी एकानेही माझ्यासमोर उभं राहून मला काही सांगितलेलं नाही. एक शहरात पळाला आणि दुसरा रोज येऊन हवापाण्याच्या गप्पा मारतो." सुई ओढत म्हणाली, "तुमचं एका शब्दावरून जुंपलंय एवढं मला कळलंय. तो शब्द मला नको. कुणी सांगायचं ते आधी ठरवा, मग मी ऐकीन. तोपर्यंत मी सवाष्ण आहे, आणि त्या सुताराने माझ्या दुकानाचं दार दुरुस्त करायच्या निमित्ताने येऊ नये. दार चांगलं आहे."

दार खरंच चांगलं आहे. त्यानेच तीनदा दुरुस्त केलंय.

तर हे असं आहे. तुझ्या हट्टापायी ती अशी टांगून राहिली आहे. रंधा काही अमरपट्टा घेऊन आलेला नाही, आणि तीही नाही. देवापुढे उभा राहून सगळ्यांचं भलं कर म्हणताना तुझ्यापाशी माझी जीभ अडखळते. हल्ली मी "बहुतेकांचं भलं कर" म्हणतो. देवाला बरोबर कळतं.

दादा


५ जुलै

धाकट्या,

आज तुला पत्र लिहिताना मला आनंद होतोय. तोंड गोड करून घे.

बंदरात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या आहेत. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरचं पाणी कसं वागतं ते मोजायला. त्यांच्या संस्थेने माझी लाँच भाड्याने घेतली आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, आल्या आणखी एक; दोन उलट्या करतील आणि परत जातील. पण बाई पक्क्या आहेत. समुद्र जरा निवला की बाहेर चला म्हणतात. परवा लाटेने लाँच अशी आडवी केली की मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. बाई मापाची नळी छातीशी धरून म्हणाल्या, "दादा, त्यालाही सांगा, पाच मिनिटं थांब म्हणून."

मी त्यांना विचारलं. तुझं नाव न घेता, घटना न सांगता, फक्त विचारलं: दक्षिणेचा वारा म्हणजे कुठून, आणि दक्षिणेचं पाणी म्हणजे कुठे?

बाई म्हणाल्या, "वारा जिकडून येतो त्या दिशेचा, प्रवाह जिकडे जातो त्या दिशेचा. जगभर हाच नियम आहे."

जगभर! ऐकलंस? फक्त या बंदरातल्या शिव्याखाऊ सारंगांचा नाही, जगभरचा नियम. तो फक्त तुझ्या खोलीपर्यंत पोचला नव्हता.

मी इतका खूश झालो की बाईंना कारण विचारावं लागलं. मी म्हटलं, एक जुना वाद होता, घरगुती. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पण 'दक्षिणेचं' कशाला म्हणायचं? 'दक्षिणेकडे चाललंय' म्हणावं. 'चं' मध्ये दोन्ही अर्थ बसतात. 'गावची गाडी' म्हणजे गावाहून आलेली की गावाला चाललेली, सांगा बघू?"

हे त्यांनी म्हटलं. तुझ्यापासून लपवत नाही. पण नियम माझ्या बाजूने आहे.

आणखीही पुष्कळ सांगितलं त्यांनी. आपलं पाणी वर्षातून दोनदा तोंड फिरवतं हे आपल्याला माहीत होतं, पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि थंडीत उत्तरेकडे. मी समजत होतो, वारा ढकलतो तसं पाणी जातं. बाई म्हणतात तेवढंच नाही. दूर कुठेतरी, दुसऱ्याच किनाऱ्यावर, वाऱ्याने समुद्राला धक्का दिला की तो धक्का किनारा धरून प्रवास करत येतो, आठवडेच्या आठवडे, आणि इथलं पाणी हलतं. इथे वारा पडलेला असला तरी. म्हणजे आपल्या पायाखाली जे वाहतं त्याचं कारण भलत्याच लोकांच्या दारात घडलेलं असतं. मी म्हटलं, आमच्या घरातही तसंच आहे, बाई.

तर आता नियम कळला. बॅग भर. ताईचं दुकान सकाळी आठला उघडतं.

दादा


३० जुलै

धाकट्या,

तू येणार नाहीस ते मला माहीत होतं. पण उलट माझ्यावरच शेकवशील असं वाटलं नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

तू लिहितोस की तू मला वायरलेसवर परत विचारलं होतंस, "दक्षिणेचं म्हणजे कुठलं?" आणि मी ओरडलो होतो, "दक्षिणेचं म्हणजे दक्षिणेचं, मूर्खा!"

इंजिन चालू होतं. एक माणूस माझ्या पायाशी रक्तबंबाळ पडला होता. दुसरा "साहेब, साहेब" करून माझा दंड ओढत होता. तू काय विचारलंस ते मला ऐकू आलं असेल किंवा नसेल. मी काय म्हणालो असेन ते म्हणालो असेन. आणि मूर्ख म्हटलं असेन तर त्यात चूक काय म्हटलं?

मला एवढंच सांग. शंका आली होती ना? मग अर्ध्या होड्या इकडे, अर्ध्या तिकडे, असं का नाही केलंस? तू लिहितोस की तीनच होड्या मोकळ्या होत्या, आणि तुला वाटलं सगळं बळ एकीकडे लावावं. आणि तुला ज्याची खात्री वाटत होती तिकडे लावलंस, कारण दादाला दुसऱ्यांदा विचारायची तुझी छाती झाली नाही. हे तू स्वतःच लिहिलं आहेस: "तुला दुसऱ्यांदा विचारायची भीती वाटली." लहानपणी दोनदा विचारलं की मी कानाखाली वाजवायचो, असंही लिहिलं आहेस. त्याचा इथे काय संबंध? धाकट्या भावांना मोठे भाऊ वाजवतातच. म्हणून काही सगळे धाकटे होड्या उलट्या दिशेला पाठवत नाहीत.

हे पत्र मी तीनदा फाडलं. चौथ्यांदा जसं आलं तसं पाठवतोय.

रंधा हल्ली दुकानाकडे येत नाही. ताईने काही म्हटलं नाही, पण परवा दाराची बिजागरी कुरकुरत होती आणि तिने तिला तेल घातलं नाही.

दादा


२३ ऑगस्ट

धाकट्या,

तुझी दोन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. आजारी नव्हतो. लिहायला हात उचलत नव्हता.

पावसाने आठवडाभर उघडीप दिली, पूर ओसरला. बाई म्हणाल्या, हीच वेळ. आम्ही तोंडाशी गेलो. तुला दांड्याबाहेरची ती रेघ आठवते का, नदीचं तपकिरी पाणी संपतं आणि समुद्राचं हिरवं सुरू होतं तिथली? फेसाची, काटक्याकुटक्यांची, पानांची रेघ. बाईंनी तिच्या दोन्ही बाजूंना तरंगती डबडी सोडली, केशरी रंगाची, आतल्या यंत्रातून आपला ठावठिकाणा कळवणारी. संध्याकाळी त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवलं. हिरव्या पाण्यातलं डबडं दक्षिणेकडे चाललं होतं, माझ्या म्हणण्याप्रमाणे. आणि तपकिरी पाण्यातलं किनारा धरून उत्तरेकडे.

मी म्हटलं, डबडं बिघडलंय.

त्या म्हणाल्या, "नाही दादा. नदीचं पाणी गोडं, म्हणून हलकं. ते वरच्यावर पसरतं आणि पृथ्वी फिरते म्हणून बाहेर पडल्यावर एका कुशीला वळतं. आपल्याकडे उत्तरेच्या. पलीकडचं समुद्राचं पाणी आपलं दक्षिणेला. रेघेच्या अलीकडे एक न्याय, पलीकडे दुसरा."

आता तू विचारशील, होडी रेघेच्या कुठल्या बाजूला पालथी पडली होती. तू विचारशीलच. म्हणून आधीच सांगतो, मला आठवत नाही. फेस सगळीकडे होता. मी त्या दिवशी रेघ बघत नव्हतो, माणूस बघत होतो. पाणी दक्षिणेचं आहे हे मी रोज बाहेर जायचो म्हणून मला माहीत होतं, त्या क्षणी खाली वाकून पाहिलेलं नव्हतं. तू जिंकलास असं समजू नकोस. तू तर खोलीत होतास, तुला यातलं काहीच माहीत नव्हतं. आंधळ्याने मारलेला दगड लागला असेलही, पण म्हणून काही तो नेमबाज होत नाही.

पण धाकट्या, एवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या आत, तोंडापासून थोडं वर, बाईंनी दोरीला वजन आणि कापडाची पिशवी बांधून ती तळाला सोडायला सांगितली. लाँच नांगरलेली होती. पाणी आमच्या बाजूने समुद्राकडे भराभर चाललं होतं, पानं, फांद्या, सगळं बाहेर. मी दोरी सोडत गेलो. दोरी सुरुवातीला समुद्राकडे झुकली, जशी झुकायला हवी. मग मध्यावर सरळ झाली. आणि पिशवी तळाजवळ पोचली तशी दोरी माझ्या हातात फिरली आणि उलटीकडे ओढू लागली. आत. नदीच्या वरच्या अंगाला. कुणीतरी खालून हाताला धरून ओढावं तशी. मला वाटलं काहीतरी अडकलं. ओढून बघितलं, अडकलेलं काही नव्हतं.

बाई म्हणाल्या, "वरून गोडं बाहेर जातं, खालून खारं आत येतं. खारं जड, तळाने घुसतं. मोठा पूर असला तर ते पार तोंडाबाहेर ढकललं जातं, पण पावसाच्या सुरुवातीला आणि उघडिपीत असंच चालतं. म्हणून तर खाडीत गाळ साचतो. लोकांना वाटतं नदी सगळं समुद्रात नेते. पुष्कळसं समुद्र परत आत आणून टाकतो."

मी विचारलं, "जे जड असेल ते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बंदरात त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. म्हणाल्या, "दादा, मी पाण्याबद्दल बोलतेय. एखाद्या विशिष्ट दिवशी, विशिष्ट माणसाचं काय झालं, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

मी दोरी धरून तसाच बसलो. तू उत्तर म्हणालास, मी दक्षिण म्हणालो, आणि एवढी वर्षं आपण एकमेकांचे गळे धरून बसलो. आत कुणी बघितलंच नाही. घराकडे. बाईंनी सांगितलं विश्वास ठेवू नका, म्हणून मी ठेवत नाही. पण दोरी माझ्या हातात होती, आणि ओढ कुठली होती ते मला कळलं.

तू लिहितोस, "मग आता दोघांनी मिळून सांगू." नको. दोघांनी मिळून सांगितलेलं म्हणजे कुणीच न सांगितलेलं. ते धंदे आपण पुष्कळ केले.

दादा


६ सप्टेंबर

धाकट्या,

काल सकाळी मी ताईच्या दुकानात गेलो. लवकरच गेलो, ती नुकतीच बसली होती. कुठल्याशा मालवाहू होडीची मोठी ताडपत्री होती, पार भिंतीपर्यंत पसरलेली. मी म्हटलं, "तुला सांगायचंय."

"बस. ते टोक धर, वळतंय."

मी टोक धरून बसलो. म्हटलं, "ते गेले."

"कुठे गेले?"

सुई चालूच होती. मला वाटलं ती थट्टा करतेय. म्हटलं, "गेले म्हणजे गेले गं."

"तेच विचारतेय. दुकानात गेले, गावाला गेले, कुठे गेले? तुम्हा लोकांचे शब्द मला कळत नाहीत. एका शब्दाचे चार अर्थ करता आणि मग त्यावर भांडता. मला एकच अर्थ असलेलं सांग."

बंदरात आम्ही दिवसभर शिव्या देतो, पण हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. सख्ख्या बहिणीसमोर, तिच्या नवऱ्याबद्दल. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मग म्हणालो, "तुझा नवरा मेला. बुडून मेला. त्याच सकाळी. प्रेत मिळालं नाही आणि आता मिळणार नाही."

तिने सुई कापडात टोचली आणि तशीच ठेवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मग म्हणाली, "त्रास झाला असेल?"

"झाला असेल. फार वेळ नाही."

खोटं सांगायचं असतं तर "नाही" म्हणालो असतो. तिला ते चाललं नसतं.

नंतर तिने माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. म्हणाली, "तुमच्यात ठरलं होतं ना, ज्याची चूक त्याने सांगायचं?"

तिला माहीत होतं. धक्क्यावर एवढ्या मोठ्याने ओरडून ठरवलेली गोष्ट, न कळायला काय झालं.

"हो," मी म्हटलं.

"मग?"

"मग मी सांगितलं."

"म्हणजे चूक तुझी?"

इथे थोडं थांबून तुला एक सांगतो. आजवर या प्रश्नाची मी लाखभर उत्तरं मनात तयार करून ठेवली होती. नियम होता, जगभरचा. रेघ होती. इंजिनाचा आवाज होता. तुझी भीती होती, आणि ती तुला मीच लावली असं तू म्हणतोस तेही होतं. यातलं काहीही सांगितलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. आणि ते सगळं सांगितलं असतं तर ती पुन्हा त्या धक्क्यावर उभी राहिली असती, आपल्या दोघांच्या मधे, उत्तर आणि दक्षिणेच्या मधे. म्हणून सांगितलं नाही.

"माझी," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

ती म्हणाली, "मग धाकट्याला यापुढे काही बोलायचं नाहीस."

"त्याला मी मरेपर्यंत बोलणार आहे," मी म्हटलं. "ते वेगळं."

तेव्हा तिच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसली की काय झालं ते मला सांगता येणार नाही, तोंड कापडाकडे होतं. मग ती रडली. चांगलं खणखणीत, आवाज काढून, जसं त्याच संध्याकाळी रडायला हवं होतं. शेजारचे दुकानदार दाराशी आले, मी त्यांना हाताने परत पाठवलं. टोक सोडलं नाही, कारण तिने धरायला सांगितलं होतं.

रंधाचं काय करायचं ते ती ठरवील. मी विचारलं नाही आणि तूही पत्रातून विचारू नकोस.

आता तुझं. तिच्या दृष्टीने तू मोकळा आहेस. तुझ्या हिशेबाने तू जिंकलास, पेढे वाट हवे तर. पण माझ्याकडून एक ओळ लिहून घे आणि तू पत्रं टाइप करतोस त्या कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वर चिकटव: त्या सकाळी मी वायरलेसवर जे बोललो, ते बरोबर होतं. वारा जिकडून येतो तिकडचा, पाणी जिकडे जातं तिकडचं. हे मी तुला दर पत्रात लिहिणार. तू समोर आलास तर तोंडावर म्हणणार. यातला काना-मात्राही मागे घेत नाही, आणि माफी तर तू विसरच.

तिला मात्र मी सांगून टाकलं की चूक माझी.

दादा